कोबोलचं बिऱ्हाड

कंटेनर म्हणजे विंचवाचं बिऱ्हाड. प्रोग्राम, त्याला लागणाऱ्या लायब्ररी, सेटिंग असं सगळं पाठीवर घ्यायचं आणि मिळेल त्या लिनक्स यंत्रावर मुक्काम टाकायचा. २०१३ साली आलेल्या डॉकरने ही सोय सर्वांच्या हाताशी आणली. कोबोल या प्रोग्रामिंग भाषेची कुळकथा मात्र १९५९ची. तेव्हा संगणक खोलीभर असे, आणि प्रोग्रामने खोली सोडून कुठे जावं हा विचारच कुणाच्या मनात येण्याचं कारण नव्हतं.

असा जुना प्रोग्राम कंटेनरात न्यायचा, तर पहिली गरज कंपायलरची. ग्नूकोबोल फुकट मिळतो आणि डेबियन लिनक्सवर एका आज्ञेत बसतो. तो कोबोलचं आधी सी भाषेत रूपांतर करतो आणि उरलेलं काम सीच्या कंपायलरवर ढकलतो. इमेज, म्हणजे कंटेनरचा साचा, दोन टप्प्यांत बांधली की ही सगळी मंडळी पहिल्या टप्प्यातच मागे राहतात. पुढे जातो फक्त तयार प्रोग्राम आणि लिबकॉब ही त्याची लायब्ररी. ही लिबकॉब हमखास विसरली जाते. इमेज किती छोटी झाली हा आनंद मग प्रोग्राम सुरू करेपर्यंत टिकतो.

मूळ कोड ८० रकान्यांच्या पंचकार्डाच्या मापाने बेतलेला असतो. पहिले सहा रकाने ओळींच्या क्रमांकाचे. सातव्यात चांदणी दिसली की ती ओळ नुसती टीप. खरा मजकूर आठव्यापासून बहात्तराव्यापर्यंत. त्यापुढचं कंपायलर वाचत नाही, आणि वाचलं नाही असं सांगतोच असंही नाही. नव्या एडिटरने ओळ जराशी उजवीकडे सरकवली आणि शेवटचा पूर्णविराम त्र्याहत्तराव्या रकान्यात गेला, तर वरची अट पुढच्या ओळीही पोटात घालून मोकळी होते. त्यात प्रोग्रामच्या चारपैकी तीन विभाग ओळख, परिसर आणि डेटा सांगण्यात जातात. काम सुरू होतं चौथ्यात. नमनाला घडाभर तेल, पण चूक बहुधा त्या तेलातच सापडते.

खरी फजिती डेटा करतो. आयबीएमच्या मेनफ्रेमवर अक्षरांची संकेतपद्धती एबसिडिक, कंटेनरात आस्की. एबसिडिकमध्ये अक्षरं आधी आणि अंक नंतर, आस्कीत नेमकं उलट. त्यामुळे एका जागी पहिला असलेला ग्राहक दुसरीकडे तळाशी जातो. याहून वाईट गोष्ट कॉम्प-३ प्रकारच्या आकड्यांची. त्यात एका बाइटमध्ये दोन अंक कोंबलेले असतात. सगळी फाइल मजकूर समजून सरसकट बदलली, तर ज्या बाइटमध्ये ४ आणि ० होते तो एबसिडिकमधली मोकळी जागा ठरतो आणि आस्कीतल्या मोकळ्या जागेत, म्हणजे २ आणि ० मध्ये, बदलतो. चाळिसाचे वीस होतात, तेही कुठलीही तक्रार न येता. असे आकडे फाइलच्या वर्णनानुसार वेगळे काढूनच बदलावे लागतात.

उरलेल्या खोड्या किरकोळ, पण रात्रीच्या. फाइली कंटेनरच्या पोटातच लिहिल्या तर कंटेनर काढताना हिशेबही जातो. त्यासाठी बाहेरचा व्हॉल्यूम जोडावा. शिवाय कंटेनरचं घड्याळ बहुधा यूटीसीवर चालतं. भारतात मध्यरात्रीनंतर सुरू केलेलं काम पहाटे साडेपाचपर्यंत कालचीच तारीख छापतं, आणि व्याज एका दिवसाने मागे पडतं. टाइमझोनचा एक शब्द इमेजमध्ये लिहिला की हे मिटतं.

महिनाअखेरचं काम मेनफ्रेम आणि कंटेनर अशा दोन्हीकडे चालवून दोन्ही अहवाल पैशापैशाने जुळेपर्यंत जुनं यंत्र भंगारात काढू नये.