सवलतीतली रेड वाईन आणि बऱ्हाणपूरचा मे महिना

सवलतीत मिळणारी उंची रेड वाईन या उन्हाळ्यात घेऊन पाहावी का, हा प्रश्न पॅरिसच्या जाणकारांना विचारून उपयोग नाही. त्यांच्याकडे ज्याला उन्हाळा म्हणतात त्यात आपण स्वेटर शोधू. विचारायचेच तर मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूरला विचारावे. मे महिन्यात इथला पारा ४४-४५ अंशांवर ठाण मांडून बसतो, आणि फुकटच्या व चोरट्या दारूचा या गावाचा अनुभव चारशे वर्षांचा आहे. त्या अनुभवाच्या बळावर माझे म्हणणे असे, की सवलत बाटलीच्या किमतीवर मिळते पण बहुधा आतल्या वाईनमधून वळती झालेली असते. म्हणून इथे पैसे मोजायचे ते लेबलला नव्हे, थंडाव्याला.

आधी ‘उंची’ या बिरुदाचा हिशेब करू. परदेशी वाईनवर आपल्याकडे सर्वसाधारण सीमाशुल्क १५० टक्के. म्हणजे ५०० रुपयांची बाटली बंदरातून बाहेर पडतानाच १२५० रुपयांची होते. पुढे राज्याचा कर, घाऊक व्यापारी आणि ठेकेदार आपापला मान घेतात. गावात पोचते तेव्हा तिच्या भारदस्तपणात द्राक्षांपेक्षा सरकारचा वाटा मोठा असतो. ऑस्ट्रेलियाशी झालेला करार डिसेंबर २०२२ मध्ये लागू झाला आणि तिथल्या महागड्या बाटल्यांवरचे शुल्क उतरले. द्राक्षांना मात्र याची गंधवार्ताही नव्हती. तेव्हा किंमत चढली म्हणून वाईन थोर होत नाही आणि उतरली म्हणून आपण हुशार ठरत नाही. मग सवलत येते कुठून? दारूच्या ठेक्याचे वर्ष ३१ मार्चला संपते, आणि ठेका हातून जाणार असेल तर उरलेला माल काढून टाकण्याची घाई ठेकेदाराला असते. सवलतीला इतरही कारणे असू शकतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये मंदसौरला कोरोना लशीचे दोन डोस घेतलेल्यांना दारूवर १० टक्के सूट जाहीर झाली होती. त्याच महिन्यात शेजारच्या खंडव्यात दोन डोसवाल्यांनाच दारू विकायचा आदेश निघाला, आणि पुरावा म्हणून ग्राहकाचा शब्द पुरेसा मानला गेला, कारण पिणारा खोटे बोलत नाही असा अबकारी खात्याचा अनुभव होता. असेलही. पण पिणारा खरे बोलला तरी बाटली गप्प असते, आणि गेला उन्हाळा तिने कुठे काढला हे लेबलवर छापलेले नसते.

नेमके तेच कळायला हवे. वाईन साधारण १३ अंशांच्या आसपास, अंधारात, आडवी ठेवावी असे शास्त्र आहे. दुकानात ती उभी असते, दिव्याखाली असते, आणि रात्री शटर पडले की पंखाही बंद होतो. उष्णतेने वाईन प्रसरण पावते, बूच वर सरकते, हवा आत शिरते आणि फळाचा ताजा स्वाद जाऊन शिजवलेल्या मनुकांचा येतो. ‘रेड वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी’ हा सल्लाही ज्यांच्या खोल्या १६-१८ अंशांच्या होत्या त्यांनी दिलेला आहे. बऱ्हाणपूरच्या खोलीने तो पाळला तर पेल्यात काढा येईल.

यावर कोणी म्हणेल, मोगल शाहजादे इथेच राहिले आणि इथेच प्याले, त्यांचे काय बिघडले? त्यांचे सगळेच बिघडले. नोव्हेंबर १६१५ मध्ये इंग्रजांचा वकील सर टॉमस रो इथे शाहजादा परवेझला भेटला आणि नजराण्यात बाटल्यांची एक पेटी देऊन बसला. पुढची बोलणी खाजगीत करू असे ठरले. रो ताटकळत राहिला आणि शेवटी निरोप आला, की शाहजाद्यांना पेटी चढली आहे. शंभर टक्के सवलतीची ही किंमत! त्याआधी, १६०५ मध्ये, अकबराचा मुलगा दानियाल याच गावात दारूपायी वारला. त्याच्या पिण्यावर पहारे बसले होते, म्हणून बंदुकीच्या नळीतून दारू आणवली गेली. नळीतला गंज दारूत उतरला, असे जहांगीरने आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. ती वाईन नव्हती, कडक अर्क होता, हे मान्य. पण मद्य कशात आणि कसे ठेवले जाते याकडे दुर्लक्ष करू नये, हे सांगायला याहून ठसठशीत उदाहरण सापडणार नाही.

दुसरा आक्षेप ठरलेला: वाईन जुनी तितकी चांगली. हे मोजक्या वाईनना आणि उत्तम तळघरांना लागू आहे. बाजारातली बहुतेक वाईन दोन-चार वर्षांत संपवण्यासाठीच केलेली असते, आणि बऱ्हाणपुरात एक उन्हाळा म्हणजे तळघरातली बरीच वर्षे. तिसरा आक्षेप शिष्टांचा: रेड वाईन गार करणे म्हणजे अडाणीपणा. खुद्द अकबराच्या आबदारखान्यात सोऱ्याच्या पाण्यात भांडी फिरवून पाणी गार केले जाई, आणि स्पेनमध्ये उन्हाळ्यात लोक रेड वाईनमध्ये सोडा, लिंबू आणि बर्फ घालून पितात. अडाणीपणाला एवढी घराणेदार साथ असेल तर आपण संकोच कशाला करावा? अट एकच: तुरट, भारदस्त वाईन फार गार केली की तिचा तुरटपणा जिभेवर खसखसतो. म्हणून गार करायला हलकी आणि ताजीच निवडावी. ती जवळच मिळते. नाशिकची द्राक्षे थंडीच्या अखेरीस खुडली जातात, म्हणजे त्यांची वाईन उन्हाळ्यात ताजीच असते.

तेव्हा निकाल असा. सवलतीची बाटली जरूर घ्यावी, पण किमतीचा कागद वाचण्याआधी दुकानात एसी आहे का ते पाहावे, बाटलीवरचे साल पाहावे आणि बूच वर आलेले नाही ना तेही पाहावे. घरी आणल्यावर अर्धा-पाऊण तास फ्रीजमध्ये ठेवावी. यातले काहीच जमणार नसेल तर त्याच पैशांत बऱ्हाणपूरची प्रसिद्ध मावा जिलेबी येते. ती गरमच खायची असते, आणि तिच्यावर कोणी सवलत देत नाही, यातच तिच्या दर्जाची हमी आहे.