फुल तिकिटाचा माणूस

उसाच्या पट्ट्यात वर्षभराची काटकसर ठरवणं हा तसा धाडसाचा प्रकार आहे. आडसाली ऊस रानात सोळा-अठरा महिने उभा राहतो. तो तुटून गेला की चौदा दिवसांत पैसे द्यावेत, असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. हा आदेश आमच्याकडं फार आदरानं वाचला जातो. एवढ्या सगळ्यात बारा महिने नेमके कुठून मोजायचे आणि कुठं थांबवायचे, हे शिराळ्यात कुणालाच ठाऊक नाही. आमच्या वाडीवरचे आप्पा मात्र डगमगले नाहीत. २५ जानेवारी २०२५ पासून एसटीचं भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं आणि आप्पांच्या काटकसरीला मुहूर्त सापडला.

आप्पांनी घरातल्या माणसांची एसटीच्या दरपत्रकाप्रमाणं फेरमांडणी केली. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या ज्येष्ठांना २०२२ पासून एसटीत तिकीट नाही. आबा अठ्ठ्याहत्तरचे, म्हणजे फुकट. बायकांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. म्हणजे वहिनी निम्म्यात. पोरगी नववीत, बारावीपर्यंतच्या मुलींना शाळेच्या वाटेवर फुकट पास. पोरगा कॉलेजात, त्यालाही सवलतीचा पास. सगळी बेरीज झाल्यावर आप्पांच्या असं ध्यानात आलं की या घरात फुल तिकीट पडणारा माणूस एकच आहे, आणि काटकसरीचं वर्ष यशस्वी करायचं तर त्या माणसानं घराबाहेर पडता कामा नये.

हे ठरल्यावर कामाची वाटणी आपोआप झाली. खत-बियाण्याची चौकशी, ईश्वरपूरचा बाजार, पंपाच्या मोटरीचं वायंडिंग ही जड कामं आबांकडं गेली, कारण आबांना तिकीट नाही. आबांच्या गुडघ्यांना ही योजना कुणी समजावून सांगितली नव्हती, पण गुडघ्यांचा अभिप्राय अंदाजपत्रकात धरत नाहीत. (इस्लामपूरचं ईश्वरपूर झालं तेव्हा आता खर्चात काही फरक पडेल का, असं आप्पांनी कंडक्टरला निरोप धाडून विचारलं होतं. नाव बदललं तरी अंतर तेवढंच आहे, असं उत्तर आलं.) बँक, तहसील, रेशन, दवाखाना, पोरीच्या शाळेतली पालकसभा आणि आजारी नातेवाइकांच्या भेटी वहिनींकडं. चहा पावडर आणि बिडीबंडल पोरीच्या दप्तरातून. पोरीनं बिडीबंडलाला नकार दिला, तेव्हा तेही आबांकडं वर्ग झालं.

आप्पा घरी बसले. घरी बसलेल्या माणसाला चहा लागतो. गॅस जळतो, पण त्याचीही काळजी नव्हती. मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेत वर्षाला तीन सिलिंडर मिळतात आणि त्यासाठी जोडणी बाईच्या नावावर लागते, म्हणून ती आप्पांनी अगोदरच वहिनींच्या नावावर करून टाकली होती. रेशनकार्डावर तर अन्नसुरक्षा कायद्यानं २०१३ पासून घरातली थोरली बाईच कुटुंबप्रमुख. हे वहिनींना एजन्सीच्या आणि रेशनच्या रांगेत उभं राहिल्यावर कळलं. घरी कुणी बोललं नव्हतं.

आता मुख्य जमेची बाजू. लाडकी बहीण योजना जुलै २०२४ पासून सुरू झाली. महिना पंधराशे. अट अशी, की घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं आणि दारात चारचाकी नको, ट्रॅक्टर सोडून. हे 'ट्रॅक्टर सोडून' ज्यानं लिहिलं त्याचा आप्पा आजही नाव न घेता सत्कार करतात. पहिला हप्ता आला तेव्हाच आप्पांनी आठवड्याच्या बाजाराला वहिनींना देत होते ते पैसे द्यायचं बंद केलं होतं. "तुझं तुला येतंय की आता." काटकसरीच्या वर्षात त्यांनी हीच रक्कम वहीत बचतीच्या रकान्यात मांडली. म्हणजे सरकारनं बहिणीला ओवाळणी घातली आणि दाजींनी ती परस्पर उचलली. योजनेच्या जाहिरातीत सगळे भाऊच दिसतात. दाजींचा फोटो छापायचा राहूनच गेलाय.

मग ई-केवायसी निघाली. त्यात बाईच्या आधारबरोबर नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचीही पडताळणी मागितली, म्हणजे ओटीपी आप्पांच्या मोबाइलवर येणार. आप्पांचा मोबाइल काटकसरीमुळं दोन महिने बिनरिचार्जचा होता. येणारे मेसेजही थांबले होते. वहिनी अर्ध्या तिकिटात शिराळ्याला गेल्या, स्वतःच्या पंधराशेतून आप्पांचा रिचार्ज मारून आल्या, मग ओटीपी आला. आप्पांनी वहीत नोंद केली: 'मोबाइल खर्च, शून्य.'

नागपंचमीला तर आप्पांना तत्त्वज्ञानच सापडलं. शिराळ्यात पूर्वी जिवंत नाग पुजायचे. मग १९७२ चा वन्यजीव कायदा आणि उच्च न्यायालयाचे आदेश यांच्यामुळं प्रतिमेची पूजा सुरू झाली. आप्पांचं म्हणणं पडलं, देवाचं प्रतिमेवर भागतंय तर माणसाचं का भागू नये? पंचमीला माहेरी गेलेल्या वहिनींना त्यांनी साडीचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. खाली लिहिलं, 'आवडली का?' वहिनींनी उत्तरादाखल पुरणपोळीचा फोटो पाठवला. हा व्यवहार मात्र आप्पांना समसमान वाटला नाही.

२०२५ च्या पंचमीला केंद्र सरकारनं एकवीस नाग धरायला परवानगी दिली, पण मिरवणुकीला नव्हे, शैक्षणिक कारणासाठी. शिराळ्याच्या भाविकांनी त्याचं काय केलं ते बाजूला ठेवू. आप्पांच्या घरात पोरानं तो शब्द अचूक उचलला. दुसऱ्या दिवसापासून त्याचा प्रत्येक खर्च शैक्षणिक झाला. बूट शैक्षणिक, वडापाव शैक्षणिक, मित्राच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सची वर्गणीही शैक्षणिक. पंतप्रधानांच्या सरकारला जे कारण चालतं ते बापाला का चालू नये, या प्रश्नावर आप्पांकडं उत्तर नव्हतं. हा रकाना वहीत आजही उघडा आहे.

वर्षअखेरीला हिशेब झाला. मीही होतो, कारण चहा होता. आप्पांनी वही वाचली. प्रवासखर्च जवळपास नाहीच, बाजारखर्च निम्म्यावर, गॅस, मोबाइल, कपडा सगळ्यांत घट. अर्थमंत्र्यांचा आवाज लागला होता त्यांना. वहिनी चुलीपाशी होत्या, कारण तीन सिलिंडर आप्पांच्या चहात केव्हाच संपले होते. त्यांनी एकच विचारलं.

"अवो, ह्यात तुमच्या नावावर काय हाय?"

आप्पांनी अभिमानानं सांगितलं, "पीएम किसान आन् नमो शेतकरी. सा आन् सा बारा हजार वर्षाला. नुसत्या सातबाऱ्यावर नाव हाय म्हनून."

"म्हंजी हेलपाटं मारायला नावं आमची, आन् बसून मिळतंय तितं तुमचं."

आप्पा म्हणाले, कायदा तसा आहे, त्याला ते काय करणार? इथं त्यांची चूक झाली. वर्षभर अर्ध्या तिकिटात सगळी कार्यालयं पालथी घातलेल्या बाईशी कायद्यावर बोलू नये. वहिनींना लक्ष्मीमुक्ती माहीत होती. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं ती मोहीम गावोगाव चालवली आणि पुढं सरकारनंही ती उचलली. नवऱ्यानं तलाठ्याकडं साधा अर्ज द्यायचा, की सातबाऱ्यावर त्याच्या नावाबरोबर बायकोचं नाव लागतं. खरेदीखत नाही, मुद्रांक नाही. पैशाचं काम असतं तर आप्पांनी काटकसर पुढं केली असती.

आप्पांनी पहिली ढाल पुढं केली ती पीएम किसानची. १ फेब्रुवारी २०१९ नंतर विकत किंवा बक्षीस मिळालेल्या जमिनीवर तो हप्ता मिळत नाही, नाव बदललं तर बारा हजार बुडतील.

वहिनी म्हणाल्या, "तुमचं काडायचं न्हाई. माजं लावायचंय. निस्तं शेजारी."

आबा इतका वेळ गुडघ्याला तेल चोळत बसले होते. ते म्हणाले, "लाव की. काय बिगाडतंय?"

आप्पांनी वही मिटली, परत उघडली, मागची पानं चाळली. शेवटी त्यांना वर्षभराच्या धोरणाशी सुसंगत असं उत्तर सापडलं. "अर्ज नवऱ्यानंच द्यावा लागतो. म्हंजी मला शिराळ्याला जावं लागणार. आन् मला फुल तिकीट पडतंय."

तेव्हा एसटी महामंडळाला या सदरातून नम्र विनंती आहे. महिला, ज्येष्ठ, विद्यार्थी यांच्याबरोबर आणखी एक सवलत जाहीर करावी: सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावायला निघालेल्या नवऱ्याला जाण्यायेण्याचा प्रवास मोफत. तोट्याची चिंता महामंडळानं करू नये, गर्दी होणार नाही.