खाडा

कामाला येणाऱ्या बाईंचा विषय निघाला की सुखवस्तू मराठी घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं. "आम्ही त्यांना घरच्यासारखंच वागवतो." या वाक्याची मला चीड येते. घरच्या माणसाला ताप आला तर आपण त्याचे पैसे कापतो का?

बाईंचे मात्र कापतो. न आलेल्या दिवसाला खाडा म्हणतात. पोरगं आजारी म्हणून बाई दोन दिवस आल्या नाहीत. पगार तीन हजार, भागिले तीस, दिवसाचे शंभर, म्हणजे दोनशे वजा. आकडेमोड चोख आहे. पण तीसनं भागलं याचा अर्थ महिन्यात एकही सुट्टी धरलेली नाही. रविवार नाही, गणपती नाही, दिवाळी नाही. सणाला उलट दोन पातेली जास्तच घासावी लागतात. आणि ज्या घरात हा हिशेब होतो, त्याच घरात रात्री जेवताना "वर्ष संपायच्या आत सीएल संपवायला हव्यात" अशी चर्चा चालते. स्वतः ठणठणीत असताना भरपगारी रजा टाकणाऱ्यानं खरोखर तापानं फणफणलेल्या बाईचे शंभर रुपये कापावेत, हे मला कुठल्याच नीतीत बसवता येत नाही.

याहून वाईट प्रकार मे महिन्यात होतो. आपण दहा दिवस गावाला जातो, घराला कुलूप लावतो आणि परत आल्यावर त्या दहा दिवसांचे पैसे देत नाही. काम बंद ठेवलं आपण. भुर्दंड त्यांना. त्यांचं घरभाडं, रॉकेल-गॅस, मुलांची फी मात्र महिन्याच्या महिन्याला येते.

मग कुणीतरी सांगतं, "पण आम्ही साड्या देतो, मुलीच्या वह्या-पुस्तकांना मदत करतो." चांगलं करता. पण साडी तुमच्या मर्जीनं मिळते, रजा हक्कानं मिळायला हवी. मर्जीतून दिलेलं उद्या बंद झालं तर त्याबद्दल कुणाला जाब विचारता येत नाही, म्हणूनच ते द्यायला सोपं जातं. उपकार करणाऱ्याला दानशूर वाटत राहतं आणि घेणारीला पगारवाढीचा विषय काढता येत नाही.

1980 साली पुण्यातल्या मोलकरणी संपावर गेल्या होत्या. त्यांना पगारवाढ हवी होती, भरपगारी रजा हवी होती. साडी मागायला त्या रस्त्यावर उतरल्या नव्हत्या. त्यांच्या संघटनेनं पुढे या मागण्या लावून धरल्या, म्हणून आज काही घरांत दिवाळीला एक पगार बोनस आणि महिन्याला दोन सुट्ट्या हा रिवाज दिसतो. ज्या घरांत तो दिसत नाही, त्यांना एवढ्या वर्षांत वेळ मिळाला नाही असं म्हणता येणार नाही.

कायद्याकडे बोट दाखवून सुटका नाही. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 सालचा आहे. तो नोंदणी आणि कल्याणाच्या योजनांपुरता. घरकामाला पगार किती आणि आठवड्याची सुट्टी कोणती, हे तो ठरवून देत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं 2011 साली घरकामगारांसाठी करार केला, त्यात आठवड्यातून सलग 24 तास विश्रांती आहे. भारतानं त्याला अजून मान्यता दिलेली नाही. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केंद्राला समिती नेमून स्वतंत्र कायद्याचा विचार करायला सांगितलं. म्हणजे रविवारची सुट्टी देणं-न देणं आज जवळपास पूर्णपणे तुमच्या-माझ्या हातात आहे. माणसाची नीती बघायची तर ती अशाच जागी दिसते, जिथे दंड नाही, पावती नाही, तक्रार नाही.

आता लिफ्ट. मोठमोठ्या संकुलांत रहिवाशांची लिफ्ट वेगळी आणि कामगारांची वेगळी. ज्या हातांनी मळलेली कणीक आपण खातो, त्या हातांनी लिफ्टचं बटण दाबलं तर आपल्याला अवघडल्यासारखं होतं. बंगळुरूच्या एका संकुलानं 2023 मध्ये कामाला येणाऱ्या बायकांनी दोन कामांच्या मधल्या वेळेत बागेत बसू नये अशी सूचना काढली होती. मग बसायचं कुठे? सकाळी सातला घरून निघालेल्या बाईला दुपारी बारा ते दोन टेकायला जागा हवी, एवढी साधी गोष्ट आहे. संविधानाच्या सतराव्या कलमानं अस्पृश्यता रद्द केली. बाईंच्या चहाचा वेगळा कप आणि वेगळी लिफ्ट हे तिचेच अवशेष आहेत, आणि ते स्वच्छतेच्या नावाखाली आपण सांभाळून ठेवले आहेत.

संकुलाच्या फाटकावर ये-जा नोंदवणाऱ्या ॲपमध्ये तर रहिवासी बाईंना पाचपैकी तारे देतात. वेळेवर येतात का, काम नीट करतात का. बाईंना मात्र घरांना तारे देता येत नाहीत. पगार पाच तारखेऐवजी वीसला देणारं घर कोणतं, एकटं गाठून अंगचटीला येणारा माणूस कोणत्या मजल्यावर राहतो, हे नव्या बाईला कळायला काहीच मार्ग नाही. तिची पिशवी मात्र बाहेर पडताना रोज उघडली जाते.

सोसायट्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत व्हायला लागतात. पार्किंग आणि पाण्याच्या टाकीवर तीन तास भांडणाऱ्या सभासदांनी यंदा विषयपत्रिकेत चार ओळी वाढवाव्यात: सगळ्या लिफ्ट सगळ्यांना, कामगारांसाठी बसायची जागा आणि स्वच्छतागृह, महिन्याला किमान चार भरपगारी सुट्ट्या, आणि आपण गावाला गेलो तरी पूर्ण पगार. ठराव मांडायला एक सूचक लागतो आणि एक अनुमोदक.