पाटणच्या पुढे हवा किती?

कोयनानगरला धरण आहे, नेहरू उद्यान आहे, नवजाला ओझर्डेचा धबधबा आहे. हे सगळं एसटीनेही दिसतं. मोटरसायकलवाल्याला मात्र कुंभार्ली घाटाच्या वळणावर गाडी कलती करायची असते आणि त्यासाठी कुणीतरी जाणकार कऱ्हाडातच कानात सांगतो, ‘‘हवा थोडी कमी कर, रेसवाले तसंच करतात.’’ रेसवाले करतात हे खरं. पण थंड टायरमध्ये ते हवा कमी भरतात, कारण दोन-चार फेऱ्यांत रबर तापून आतला दाब हव्या त्या आकड्यावर येणार असतो. दहा अंश तापमान वाढलं की तीसच्या आसपासचा आकडा साधारण दीडने चढतो. तापल्यावरही तो फार खाली राहिलेला चालत नाही: मोटोजीपीत 2024 पासून पुढच्या टायरला धावताना किमान 1.80 बार, म्हणजे आपल्या पंक्चरवाल्याच्या भाषेत सव्वीस, बंधनकारक आहे. श्रावणात पुढे ट्रक, वर धुकं, खाली पाणी आणि वेग तीस. यात टायर तापणार कशावर? मालकाच्या रागावर?

‘‘पण घाटातही वळणं आहेतच की!’’ आहेत, आणि वळणांवर खड्डेही आहेत. हवा कमी असली की टायरच्या खाचा दबतात, पाणी बाहेर फेकलं जात नाही, हँडल जड होतं. त्यात खड्डा पाण्याने भरलेला, म्हणजे दिसायला निव्वळ डबकं. त्याची कड मऊ टायर दाबत थेट रिमवर आदळते. स्पोकचं चाक अंडाकृती होतं, अलॉयला चीर जाते, ट्यूबलेस टायर रिमवरून सुटला तर सगळी हवा एका श्वासात बाहेर. मग घाटमाथ्याच्या पावसात रेनकोटच्या बाहीतून पाणी कोपरापर्यंत जात असताना गाडी ढकलत हेळवाक गाठायचं. कऱ्हाडपासून गप्प असलेलं मागचं माणूस बोलू लागतं ते इथे.

बरं, मग ठासून चाळीस भरावी? तेही नको. टायर रस्त्याला कमी टेकतो आणि खडीवर चेंडूसारखा उडतो. उंचीचा मुद्दा काढणारेही भेटतात. चिपळूणहून सहाएकशे मीटर चढलं की बाहेरचा दाब घटून मीटर जवळजवळ एकने जास्त दाखवतो खरा, पण वरचा गारवा त्यातला बराचसा परत घेतो. तेव्हा घाटात व्हॉल्व्हला हात लावू नये. चेनकव्हरवर कंपनीने चिकटवलेली पट्टी पुसून वाचावी आणि सकाळी, गाडी निघण्याआधी, स्वतःच्या मीटरने तेवढीच हवा भरावी. पंपावरच्या मीटरची सुई आपल्या तब्येतीप्रमाणे फिरते.

त्या पट्टीवर मागे कुणी बसणार असेल तर मागच्या टायरचा आकडा वेगळा असतो आणि नेमका तोच कुणी वाचत नाही. भाकरीची पिशवी मांडीवर घेऊन, डोळे मिटून, एका हाताने आपला शर्ट धरून बसलेल्या माणसाचा हिशेब तिथे केलेला असतो. पाटणकडचा दूधवाला तो रोज पाळतो. मागे दोन कॅन लटकवलेले, टायर अंगठ्याने दाबून बघतो, ‘‘मागं टाक अजून’’ म्हणतो आणि आपल्या लेदर जॅकेटला मागे टाकून निघून जातो.