आपत्ती आराखडा शिळा कसा ठेवावा? (नवशिक्यांसाठी)

साहित्य: कॅलेंडरचं डिसेंबरचं पान, न उठणारं पेन, सेल पाझरलेली बॅटरी.

कृती:

१. आराखडा आयुष्यात एकदाच लिहावा, तोही कॅलेंडरच्या मागं. जानेवारीत तो आपसूक रद्दीत जातो.

२. थोरला दौंडचं घर सोडून रांजणगाव एमआयडीसीत लागला, त्याचा नंबर बदलला. यादीत जुनाच राहू द्या. ग्राम सुरक्षा यंत्रणेलाही नवा कळवू नका. वस्तीवर चोर आले की गावभर फोन वाजतील, त्याचा तेवढा गप्प. पोलीस, रुग्णवाहिका, अग्निशमन या तिन्हींसाठी ११२ लावायचा, हे सांगून आजीच्या डोक्याला ताप देऊ नका.

३. दौंडकरांनी पूर आभाळाकडं बघून ठरवावा. ऊन पडलंय, म्हणजे निवांत. खडकवासल्याचं पाणी मुठेतून पुण्याच्या संगमावर मुळेला मिळतं, मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेत येते आणि दौंडवरून सगळं उजनीकडं जातं. म्हणून इथं थेंब न पडताही नदी फुगते. हा भूगोल पोरांच्या परीक्षेपुरता. काठावरची मोटार काढायला कोण जाणार, तेही ठरवू नका. ‘तो गेला असेल’ म्हणत दोघं भाऊ घरी बसतील आणि मोटार एकटीच उजनी गाठेल.

४. शिरूरकरांसाठी मात्र थट्टा बाजूला. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिंपरखेड-जांबूत भागात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली, त्यांत लहान मुलंही होती. ऊसतोड सुरू झाली, फड मोकळे झाले की बिबट्या नवा आडोसा शोधतो. गेल्या वर्षीची सुरक्षित वाट यंदा तशी राहीलच असं नाही. शाळेतून पोरांना कोण आणणार, रात्रीच्या लाइटीला दारं धरताना जोडीला कोण, हे दर हंगामाला नव्यानं ठरवा.

५. गावच्या यात्रेला पुण्या-मुंबईचे सगळे पावसाळ्याआधी एका पंगतीत बसतात. नंबर तपासायला, कामं वाटायला याहून बरा दिवस नाही. म्हणूनच त्या दिवशी फक्त तमाशा कुणाचा आणि कुस्ती कोण मारणार, एवढंच बोलावं.

धोक्याची सूचना: घरातली आठवीतली पोरगी वही घेऊन पंगतीत प्रत्येकाचा नंबर विचारत फिरू लागली, तर तिला वेळीच आवरा. नाहीतर वरची सगळी मेहनत पाण्यात.