कुळाची नोंद

रांजणगाव एमआयडीसीतली पहिली शिफ्ट सुटली की कारेगावच्या टपरीवर इस्रायल-पॅलेस्टाइनचा प्रश्न दोन चहांत सुटतो. पोरं मोबाइलवर आलेलं वाचून दाखवतात, बागाईतदार "इस्रायल म्हणजे ठिबक" एवढं बोलून बाजू घेतात. सुटलेला प्रश्न पुन्हा चिघळवतात ते एकटे भाऊसाहेब.

भाऊसाहेब रिटायर तलाठी. उभी हयात सातबाऱ्यात गेल्यामुळं इतिहास म्हटला की फेरफार मागतात. "कागद काय म्हणतो?" हा पहिला प्रश्न. "दुसऱ्या पार्टीचा कागद?" हा दुसरा. इथं निम्मी टपरी उठते.

परवा एका पोरानं ज्यूंना पॅलेस्टाइनात घर देऊ म्हणणारा इंग्रजांचा बाल्फोर जाहीरनामा काढला.

"तारीख?"

"2 नोव्हेंबर 1917."

"आणि जेरुसलेमचा ताबा इंग्रजाला मिळाला डिसेंबरात! नाव तुर्काचं, लिहून देतोय इंग्रज. त्याआधी 1915-16 ला मक्केच्या शरीफ हुसेनला वायद्याची पत्रं, 1916 ला फ्रेंचांशी गुपचूप वाटणी. एका गटाचे तीन विसार!"

शेजारचे दोघे प्लॉटिंगवाले उगाच चहा फुंकत बसले.

पण भाऊसाहेबांचा खरा जीव कुळात. "1920 नंतर ज्यूंनी पॅलेस्टाइनमधल्या मर्ज इब्न आमिर खोऱ्याची जमीन पैसे मोजून घेतली. खरेदीखत सच्चं. देणार बैरूतचं सुरसूक घराणं. कसत होतं कोण? तुर्कांनी 1858 ला जमिनीचा कायदा केला, तेव्हा साऱ्याच्या आणि लष्करभरतीच्या धास्तीनं कितीक शेतकऱ्यांनी नावंच लावली नाहीत. लागली मातब्बरांची. आपल्याकडं 1 एप्रिल 1957 ला कुळं मालक झाली, तिकडं जमीन विकली अन् कुळं उठली." हे सांगताना त्यांचा आवाज असा चढतो, की ती कुळं जणू त्यांच्याच सज्जातली.

पिशवीत दोन पुस्तकं कायम: इस्रायली इतिहासकार बेनी मॉरिस आणि पॅलेस्टिनी इतिहासकार रशीद खालिदी यांची. सुटं मिळत नाही. वादी नेला तर प्रतिवादीही न्यायचा. खालिदींच्या घराण्यातल्या युसूफ दियांनी 1899 ला झायोनिस्ट चळवळीच्या हर्झलपर्यंत पोचावं म्हणून पत्र लिहिलं होतं. त्या पानाच्या समासात पेन्सिलचा शेरा आहे, 'हरकत मुदतीत.' मॉरिसनं 1948 च्या निर्वासितांची हकिगत इस्रायलच्याच दप्तरातून काढलीय, तिथं 'पंचनामा घरच्याविरुद्ध, ग्राह्य.' इंग्रजी झेपत नाही म्हणणाऱ्याला नाना पालकरांचं 'छळाकडून बळाकडे' मिळतं, पण "हा एकाच पार्टीचा जबाब आहे" अशी तोंडी ताकीद देऊन. मला विचाराल तर पुस्तकांपेक्षा शेरेच जास्त वाचनीय आहेत.

"मग निकाल काय, भाऊसाहेब?" पोरगं काकुळतीला आलं.

"तलाठी निकाल देत नाही. नोंद धरतो. प्रमाणित करणार मंडल अधिकारी."

"इथं मंडल अधिकारी कोण?"

"युनो. 29 नोव्हेंबर 1947 ला वाटप मंजूर केलं. आपल्या देशानं विरोधात मत दिलं, तीही नोंद आहे."

"मग संपलं की!"

"संपतंय कसलं? मोजणी झाली नाय अजून," म्हणत भाऊसाहेबांनी आणखी एक हाफ सांगितला. पैसे अर्थातच पोराच्या नावावर.