चिमूटभर पुरे : पन्नाशीतल्या नवशिक्यांसाठी साहित्य आणि कृती

इंग्लंडमध्ये पन्नाशी गाठली की तिथली सरकारी आरोग्यसेवा, म्हणजे एनएचएस, घरी पोस्टाने एक पाकीट धाडते. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची तपासणी त्यातून होते, आणि वयाच्या ७४ पर्यंत दर दोन वर्षांनी ते येत राहतं. तिथल्या मराठी घरांत ते बिलांच्या गठ्ठ्याखाली सरकवलं जातं. इसबगोल बरा की त्रिफळा यावर भर पंगतीत वाद घालणारी, पाहुण्याला सकाळी ‘पोट साफ झालं ना?’ विचारणारी माणसं आपण. पण त्याच गोष्टीचा नमुना मागितला की एकदम सोवळ्यात जातो. अशा सोवळ्यातल्या मंडळींसाठी ही कृती.

साहित्य : झाकणाला काडी असलेली छोटी बाटली (पाकिटात मिळते), पेन, आणि एक रिकामा प्लॅस्टिकचा डबा. आईस्क्रीमचा चालेल. त्यात सध्या धणेपूड असेल तर घरात विचारून घ्या. काम झाल्यावर तो डबा मांडणीवर परत जाणार नाही, याची हमीही द्या.

पूर्वतयारी : काही नाही. उपास नको, पथ्य नको. जुन्या तपासणीत गुआयाकम नावाच्या झाडाची राळ लावलेलं कार्ड असे. त्यावर नमुना फासून हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं की रक्त असल्यास निळा रंग उमटे. हे रक्त तुमचं की काल खाल्लेल्या बकऱ्याचं, ते मात्र कार्डाला कळत नसे. शिवाय तीन वेळच्या शौचाचे नमुने द्यावे लागत. २०१९ पासून इंग्लंडमध्ये ‘फिट’ ही तपासणी आली. तिच्यातली प्रतिपिंडं फक्त माणसाचं हिमोग्लोबिन पकडतात, आणि नमुना एकदाच लागतो. तेव्हा मटणाचा रस्सा आणि बिटाची कोशिंबीर, दोन्ही बिनधास्त खा.

कृती :

१. बाटलीवर तारीख आधीच लिहा. नंतर हात मोकळे नसतात.

२. लघवी आधी उरकून घ्या. मग डबा धरा. नमुन्याला लघवी किंवा कमोडमधलं पाणी लागता कामा नये. धुण्याचा कार्यक्रम शेवटी.

३. झाकण फिरवून काडी काढा आणि शीवर चार-पाच ठिकाणी फिरवा. काडीच्या टोकावरच्या खाचा भरल्या की थांबा. आग्रहाने वाढायची सवय इथे उपयोगाची नाही.

४. काडी आत घालून झाकण घट्ट लावा. बाटलीतलं पाणी टाकून देऊ नका, ते मुद्दाम घातलेलं असतं. ‘नीट झालंय ना’ म्हणून पुन्हा उघडून बघू नका.

५. हात धुवा आणि बाटली लगेच पोस्टात टाका. उशीर झाला की नमुन्यातलं हिमोग्लोबिन विरत जातं आणि असलेलं रक्तही सापडत नाही. मुहूर्त पाहू नका.

निकाल : साधारण दोन आठवड्यांत पत्र येतं. शंभरातल्या सुमारे ९८ जणांना ‘सध्या पुढच्या तपासणीची गरज नाही’ असं कळवतात. पेढे वाटायला हरकत नाही, पण ‘सध्या’ हा शब्द वाचा. आतड्यातल्या गाठी रोज रक्त सोडत नाहीत, म्हणूनच पाकीट दोन वर्षांनी पुन्हा येतं.

उरलेल्यांना कोलोनोस्कोपीचं, म्हणजे दुर्बिणीने आतडं तपासण्याचं, बोलावणं येतं. त्यातल्याही बहुतेकांना कॅन्सर नसतो. कुणाला मूळव्याध निघते, कुणाला पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर वाढलेली छोटी गाठ. अशा काही गाठींचा कॅन्सर व्हायला दहाएक वर्षं लागतात. दुर्बिणीतून तारेचा फास टाकून गाठ तिथल्या तिथे काढता येते. या खटाटोपाने जीव वाचतात का? अमेरिकेत मिनेसोटात झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष १९९३ मध्ये आले. जुन्या कार्डानेच, पण दरवर्षी तपासणी केलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू एक तृतीयांशाने कमी झाले होते.

नेहमीच्या शंका

*मला तर काहीच त्रास नाही.*
म्हणूनच पाकीट तुम्हाला आलं आहे. ज्यांना रक्त दिसतंय, शौचाची सवय बदलली आहे, विनाकारण वजन उतरतंय, त्यांनी पाकिटाची वाट न पाहता डॉक्टर गाठावा.

*रक्त मूळव्याधीचंच असणार.*
असेलही. पण हे निदान तुम्ही स्वतः केलंत, आणि ती जागा तुम्ही कधी पाहिलेली नाही.

*आम्ही पुण्यात राहतो. आम्हाला येईल का पाकीट?*
नाही. भारत सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कॅन्सरची तपासणी आहे, आतड्याची नाही. हा कॅन्सर आपल्याकडे इंग्लंडपेक्षा कमी आढळतो. पण आई-वडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कुणाला झाला असेल, तर पन्नाशीची वाट पाहू नका. कोलोनोस्कोपी कधीपासून करावी, हे डॉक्टरांनाच विचारा.

*घरात कुणाला झाला होता, हे कसं कळणार?*
खरी अवघड पायरी हीच. आपल्याकडे आजोबा ‘पोटाच्या दुखण्याने’ जातात आणि विषय तिथेच मिटतो. घरातल्या सगळ्यात मोठ्या आत्याला फोन लावा. तिला सगळं ठाऊक असतं. आजवर तिला कुणी सरळ विचारलेलं नसतं, एवढंच.